सायन्स कॉलेजात शिकवणं आणि मदत या दोन फाइली कशा झाल्या

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की कॉलेजात फाइलींची धावपळ सुरू होते, आणि त्यात शिकवण्याची फाइल वेगळी नि विद्यार्थ्यांना काय मदत केली त्याची वेगळी. नॅकच्या सात निकषांमधे शिकवणं दुसरा आणि विद्यार्थी सहाय्य पाचवा. नॅक आली १९९४ मधे, पण ही फारकत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

१८५७ मधे मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या साच्यावर, म्हणजे विद्यापीठ परीक्षा घेणार आणि शिकवायचं काम कॉलेजांनी करायचं. पोराला वर्गात का कळलं नाही हा प्रश्न विद्यापीठापर्यंत जायचाच नाही, जायचा तो फक्त निकाल. ती सवय अजून मोडलेली नाही असं मला वाटतं.

पण मधल्या काळात आपल्याकडेच याच्या अगदी उलट विचार करणारी माणसं होऊन गेली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मधे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं. १९५० मधे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते झालं १९५८ ला. तिथे मुलांच्या राहण्याची सोय कॉलेजसोबतच उभी राहिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मधे छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते कमवा आणि शिका या तत्त्वावर, आणि आज पुणे विद्यापीठाची ही योजना त्यांच्याच नावाने चालते. या सगळ्यांत मदत ही वेगळी योजना नव्हती हो, टाइमटेबल आणि वसतिगृह हीच मदत होती.

सायन्सला मात्र अजून एक अडचण असते ती भाषेची. दहावीपर्यंत मराठी आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजी. मी स्वतः मराठी मीडियमची, संयुजा (अणूची जोडणी करायची क्षमता) पाठ होती, पण मॅडम व्हॅलन्सी म्हणतात ती हीच हे कळायला दोन आठवडे गेले आणि तोवर पुढचे दोन धडे डोक्यावरून गेले होते. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने १९७४ मधे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं, तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला, मुंबईच्या म्युनिसिपल शाळांमधे हेच तपासलं, की पोरांना विज्ञान अवघड जातं का त्या पुस्तकाची भाषा. भाषा सोपी केली की मुलं पुढे जातात हे त्यांनी करून दाखवलं. हे काम शाळांमधलं. सीनियर कॉलेजच्या लेक्चरपर्यंत ते झिरपलं असतं तर माझ्याबरोबरच्या मराठी मीडियमच्या कितीतरी जणी पहिल्याच वर्षी आर्ट्सला गेल्या नसत्या.

कॉलेजांमधे आलं ते वेगळंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पैशातून मागास आणि अल्पसंख्याक मुलांसाठी रिमेडियल कोचिंग म्हणजे जादा वर्ग आले, हेतू खूप चांगला, पण वर्ग मुख्य लेक्चर संपल्यावर, आणि नावामुळेच आमच्यातली मुलं बसायला लाजायची. २००८ मधे जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज स्कीम आली, तिचा भर लॅब आणि प्रॅक्टिकल सुधारण्यावर, ही मला मनापासून आवडते कारण जर्नलमधे दुसऱ्याचं रीडिंग उतरवून काढण्यापेक्षा ब्युरेट स्वतः हातात धरलेलं पोर वेगळंच बोलतं. मग २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ आलं. कुठल्या शिक्षकाकडे कुठली मुलं सोपवली त्याचे मेंटर-मेंटीचे तक्तेही आले.

आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट बसलीये, ती म्हणजे तासिका तत्त्व. पूर्णवेळ जागा रिकाम्या राहिल्या की या तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) माणसं घेतात, त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. लेक्चरनंतर जिन्यात अर्धा तास थांबून कुणाला मोल कन्सेप्ट समजावला तर त्या अर्ध्या तासाचे काहीच नाहीत. तरी थांबणारे सर मला भेटलेत, त्यांच्यामुळेच मी बीएस्सी पूर्ण केलं.

आता नवीन शैक्षणिक धोरणाने क्रेडिटं आली, निवडायच्या विषयांच्या बास्केट आल्या, चौथं वर्ष आलं. मी पाहिलेल्या एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) टाइमटेबलात ऐच्छिक विषयांचे तास व्यवस्थित मांडलेले आहेत, डाउट विचारायचा तास एकही नाहीये.