ई-नोंदणी (ठाणे व नवी मुंबई)

स्थावर मालमत्तेचा दस्त संगणकावरच तयार करून, पक्षकारांनी दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, हजर न होता तो ऑनलाइन नोंदवण्याची सोय म्हणजे ई-नोंदणी. महाराष्ट्रात ती ‘महाराष्ट्र ई-नोंदणी व ई-फायलिंग नियम, 2013’ यांनुसार चालते. मूळ कायदा मात्र नोंदणी अधिनियम, 1908 हाच.

घरबसल्या डेटा एन्ट्री केली, ई-चलनाने मुद्रांक शुल्क भरले, की ‘ऑनलाइन रजिस्ट्रेशन’ झाले असे ठाण्यात अनेकजण समजतात. तसे नाही. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीत खरेदीदार आणि विक्रेत्याला आजही सहदुय्यम निबंधक कार्यालयात जावे लागते. तिथे फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोघेजण, स्कॅनिंग हे सारे होते आणि दस्तावर ‘टनन’ने (ठाण्याच्या कार्यालयांचे लघुरूप) सुरू होणारा क्रमांक पडतो. हे काम ‘सरिता’ आणि 2012 पासून ‘आय-सरिता’ या प्रणालीवर चालत आले. कार्यालयाचे संगणकीकरण झाले म्हणजे ई-नोंदणी झाली, असे नव्हे.

खरी ई-नोंदणी रुळली ती लिव्ह अँड लायसन्स करारांत, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारांत. घोडबंदर रोड, वाशी, खारघर इथे भाड्याने राहणारे बहुतेक लोक तिच्याशी परिचित असतात. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटते आणि नंतर निबंधक दस्त तपासून डिजिटल सही करतो. मालक परगावी असला तरी अडत नाही, कारण दोघांचे अंगठे वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतात. खर्चही फार नाही. एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामतीवरचे वार्षिक 10 टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते. महिना 25,000 रुपये भाडे, 1,00,000 अनामत आणि 11 महिन्यांची मुदत असेल तर ते जेमतेम 710 रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज इथे फार खोल रुजलेला आहे, आणि तो भाडेकरूला महागात पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विक्रीच्या दस्तांना उशीर का झाला, याचे एक कारण कायद्यातच होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या पहिल्या अनुसूचीने स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता. ती नोंद सप्टेंबर 2022 च्या अधिसूचनेने वगळली. लायसन्स ही केवळ वापराची परवानगी; तिने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, म्हणून भाडेकरारांना ही अडचण नव्हती. बिल्डरकडून होणारी पहिली विक्री मात्र ई-नोंदणीत आली आहे: विक्री कार्यालयातच करार नोंदवता येतो. मालमत्तेची कागदपत्रे बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाची निबंधकाला द्यायची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, हीही ऑनलाइन दाखल होते. ती तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे.

नोंदणी काउंटरवर होवो की ऑनलाइन, ती दस्ताची असते, मालकीची नव्हे. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे की नाही, हे निबंधक ठरवत नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या 65 इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक मिळवले आणि ज्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, तिथल्या अनेक कुटुंबांकडे नोंदवलेले करार होते. म्हणून घर घेताना सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन पाहून थांबू नये. महापालिकेची बांधकाम परवानगी आणि सातबारा किंवा मालमत्तापत्रक स्वतः तपासावे, आणि शक्य तितक्या मागच्या वर्षांपासूनचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, वकिलाकडून घ्यावा. नवी मुंबईत सिडकोने (हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ) भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरच्या घराला याशिवाय सिडकोची हस्तांतरण संमती लागते, आणि ती दस्त नोंदवून आपोआप मिळत नाही.

केंद्राच्या भूसंसाधन विभागाने 1908 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा मे 2025 मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला. दस्त ऑनलाइन सादर करणे आणि नोंदणीचे इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र देणे या त्यातल्या मुख्य तरतुदी आहेत.