शिधापत्रिका पात्रता (महाराष्ट्र)

स्वस्त धान्यासाठी कुटुंबे निवडण्याचे राज्याचे नियम. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम 2013 केंद्राचा असला, तरी प्राधान्य कुटुंबे ओळखण्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्याचे काम कलम 10 नुसार राज्यांकडे आहे. छत्तीसगडने 2012 मध्येच स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने शासन निर्णयांवर भागविले.

निकषांचे मूळ 1 मे 1999 च्या तिरंगी शिधापत्रिका योजनेत शोधणे योग्य. पिवळ्या पत्रिकेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत, केशरीसाठी त्यापुढे 1 लाखापर्यंत, त्यावर शुभ्र. 15,000 हा आकडा 1997-98 च्या दारिद्र्यरेषा पाहणीशी जोडला जातो. नुसते उत्पन्न मात्र पुरत नसे. पिवळ्या पत्रिकेच्या कुटुंबात डॉक्टर, वकील वा चार्टर्ड अकाउंटंट नको, व्यवसायकर वा आयकर भरणारा नको, घरी दूरध्वनी किंवा चारचाकी नको. जमीन 2 हेक्टर जिरायत, 1 हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायत यांपेक्षा जास्त नको. दुष्काळी तालुक्यांत ही मर्यादा दुप्पट. उत्पन्न लपविता येते, सातबारा लपत नाही. म्हणून वगळण्याच्या अटी उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा भरवशाच्या ठरतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे कशी ओळखावीत हे ठरविण्यासाठी नेमलेल्या सक्सेना समितीनेही (2009) आपोआप वगळण्याचे निकष सुचविले होते.

फेब्रुवारी 2014 मध्ये अधिनियम लागू करताना पिवळे पत्रिकाधारक प्राधान्य यादीत घेतले गेले. केशरीपैकी ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे निवडून त्यांच्या पत्रिकेवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का मारला गेला. दोघे मजूर महिन्याला वीस दिवस 150 रुपये रोजाने कामाला गेले, तर वर्षाचे 72,000 होतात. म्हणजे दोन्ही मर्यादा ओलांडल्या; ही पहिली अडचण.

दुसरी अडचण इष्टांकाची, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या कमाल संख्येची. ग्रामीण 76.32 आणि शहरी 45.34 टक्के ही मर्यादा 2011 च्या जनगणनेवर बेतलेली, सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची. इष्टांक भरलेला असेल, तर पात्र अर्जदाराचीही पत्रिका निघते, पण धान्य सुरू होत नाही. विभक्त झालेल्या मुलाने आधी वडिलांच्या पत्रिकेतून नाव कमी करून घेतले, तर नव्या पत्रिकेला इष्टांकात जागा मिळेपर्यंत त्याचे धान्य थांबू शकते.

प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला एकूण 35 किलो; जानेवारी 2023 पासून दोन्ही मोफत. शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील यादीबाहेरच्या केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये रोख देण्याचे ठरले.