नवा वाण म्हणजे नवी प्रजाती नव्हे

उसाचा किंवा सोयाबीनचा सुधारित वाण आला की 'नवी प्रजाती विकसित' अशी बातमी हमखास येते. मग उत्क्रांतीनं नव्या प्रजाती कशा होतात, या प्रश्नाला पोरंही तेच उदाहरण देतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

वाण कसा निघतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. हवं ते बी राखायचं, नको ते काढायचं, दोन चांगल्यांचा संकर करायचा. निवड माणसानं केली की निसर्गानं, वेळ किती लागला, हे फरक दुय्यम आहेत. लोक अडकतात ते रंगरूपात.

मायाक्का चिंचलीच्या जत्रेतला खिलार बैल आणि गोठ्यातली जर्सी शेजारी उभी करा. वशिंड, शिंगं, बांधा, काहीच जुळत नाही. तरी त्यांच्या संकरातली कालवड वेळेवर गाभण राहते आणि तिची वासरंही पुढं वाढतात. काही पुस्तकं या दोन्ही गुरांना वेगळ्या प्रजातींची नावं देतात. मला ते पटत नाही. उलट गाय आणि म्हैस एकाच दावणीला जन्मभर बांधल्या, तरी त्यांच्यात संकर होत नाही. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं (आईबापांचे गुण पिल्लांत नेणारे धागे), आपल्याकडच्या म्हशीच्या पेशीत ५०. त्या दोन प्रजाती आहेत.

म्हणजे पाहायचं ते एवढंच: दोन गटांचे गुण संततीतून एकमेकांत मिसळत राहतात, की ती वाट बंद झाली? जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये प्रजातीची व्याख्या याच कसोटीवर मांडली. वाण वेगळा दिसतो, पण त्याची वाट उघडी असते. वाट बंद झाली की नवी प्रजाती.

ती बंद कशी होते, हे गव्हात फार स्वच्छ दिसतं. आपल्या हुग्गीच्या (गव्हाच्या खिरीच्या) खपली गव्हात २८ गुणसूत्रं असतात, चपातीच्या लोक-१ या वाणात ४२. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कमी उंचीचा डीडीके १०२५ जुन्या उंच खपलीहून वेगळा दिसतो, पण त्याचीही गुणसूत्रं २८च. तो खपलीचाच वाण. चपातीचा गहू मात्र खरोखर नवी प्रजाती म्हणून जन्मला, साधारण ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या आसपास. तिथं खपलीच्या कुळातल्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताशी संकर झाला. दोघांकडून निम्मी निम्मी आली, म्हणजे १४ आणि ७, मिळून २१. बी धरण्याआधी गुणसूत्रांना जोडीदार लागतो. या २१ जणांना तो नव्हता, म्हणून असं रोप जवळपास वांझच. पण अशा रोपात कधी कधी गुणसूत्रं न विभागता दुप्पट होतात. २१ची ४२ झाली, प्रत्येकाला जोडी मिळाली आणि बी धरलं. आता हे झाड मागं खपलीशी जुळवा: संततीत ३५ गुणसूत्रं, त्यातली ७ एकाकी, बी तुटपुंजं. वाट एकदोन पिढ्यांतच जवळजवळ बंद झाली, आणि तीही कुणी चांगलं बी न निवडता.

प्राण्यांत बहुतेक वेळा हे असं झटक्यात होत नाही. एखादा गट डोंगरामुळं किंवा नदीमुळं दुभंगतो, दोन्हीकडं वेगवेगळे बदल साचत जातात, आणि हजारो पिढ्यांनी परत भेट झाली तरी जुळत नाही. ती अडचण कुणी मुद्दाम घडवलेली नसते, साचलेल्या बदलांतूनच ती उभी राहते. दिसणं बदलायला मात्र थोड्या पिढ्या पुरतात. मुधोळच्या कुत्र्याकडं आणि पॉमेरियनकडं बघा, दोघं आजही एकच प्रजाती.

राहिली एक खरी अडचण. बंद वाटेतूनही थोडं झिरपतं. अमेरिकेत गव्हाचे वाण काढणारे मॅकफॅडन यांनी यारोस्लाव नावाची खपली आणि मार्क्विस नावाचा चपातीचा गहू यांच्या संकरातून 'होप' हा वाण काढला, तो नेमका त्या तुटपुंज्या बियांच्या बळावर. खपलीची तांबेरा रोग सोसण्याची ताकद अशी चपातीच्या गव्हात आली. पण ते बी निवडून, जपून वाढवावं लागलं. शेजारच्या दोन वाफ्यांत खपली आणि लोक-१ नुसते पेरून ठेवले, तर दोन्ही आपापल्या परागावर बी धरतात आणि वेगळेच राहतात.