ल्युसी लख्ख, आर्ची धूसर

अमेरिकेत १९७३ च्या सप्टेंबरात टीव्हीचा नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा सीबीएस वाहिनीने शनिवारच्या रात्री पाच कार्यक्रम ओळीने लावले होते. आठला ‘ऑल इन द फॅमिली’, साडेआठला ‘मॅश’, नऊला ‘द मेरी टायलर मूर शो’, साडेनऊला ‘द बॉब न्यूहार्ट शो’ आणि दहाला ‘द कॅरल बर्नेट शो’. विनोदाची इतकी भरगच्च रात्र पुन्हा कुठल्या वाहिनीला जमली नाही, असं मानणारे आजही पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यातलाच.

पाचही कार्यक्रम त्या रात्री घरातल्या एकाच डब्यावर, सारख्याच ढोबळ चित्रात दिसत होते. आज मात्र त्यांची दोन गटांत फाळणी झाली आहे. मधले तिन्ही फिल्मवर चित्रित झालेले. त्यांची निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली तर मेरीच्या स्वेटरची वीणसुद्धा मोजता येईल. पहिला आणि शेवटचा व्हिडिओ टेपवरचे. ‘ऑल इन द फॅमिली’चा नायक आर्ची बंकर तेव्हा जितका स्पष्ट दिसला, त्याहून अधिक स्पष्ट तो कधीच दिसणार नाही.

जुन्या विनोदी मालिकांना हाय डेफिनिशन (एचडी) ब्लू-रेचा, म्हणजे डीव्हीडीहून कितीतरी बारीक चित्र देणाऱ्या चकतीचा, मान मिळावा का, या वादात बहुधा मालिकेच्या दर्जावरच भांडण होतं. कुठली अजरामर, कुठली सामान्य, कुठली उगाच डोक्यावर घेतलेली. पण निम्मा निकाल त्या मालिकांचा पहिला भाग चित्रित झाला तेव्हाच लागलेला असतो, आणि तो लावताना दर्जाचा विचार कुणाच्या मनातही नसतो.

याची सुरुवात १९५१ मध्ये झाली. टीव्ही तेव्हा न्यूयॉर्कमधून थेट चालत असे. जिथे थेट प्रक्षेपण पोचत नसे तिथे ‘किनेस्कोप’ पाठवत, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेलं चित्रण. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा तो प्रकार होता. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांच्या ‘आय लव्ह ल्युसी’ला फिलिप मॉरिस ही सिगरेट कंपनी प्रायोजक होती. बहुसंख्य प्रेक्षक पूर्वेकडचे; कार्यक्रम पश्चिमेच्या हॉलिवुडमधून झाला तर त्यांच्या वाट्याला किनेस्कोपच येणार, आणि ते उष्टं दाखवायला कंपनी तयार नव्हती. तुम्हीच न्यूयॉर्कला या, असा तिचा आग्रह. नवरा-बायको हॉलिवुड सोडायला राजी नव्हते.

मग तोड निघाली ती अशी: कार्यक्रम हॉलिवुडमध्येच करायचा, पण ३५ मिमी फिल्मवर, म्हणजे देशभर सगळ्यांना सारखंच चांगलं चित्र दिसेल. खर्च अर्थातच वाढणार होता. तो भरून काढायला दोघांनी आठवड्याला १,००० डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं आणि बदल्यात फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची किंमत शून्य, असं मानण्याचा तो काळ. वाहिनीला हा सौदा आपल्याच फायद्याचा वाटला असणार.

कॅमेऱ्यामागे माणूसही तसाच तोलामोलाचा आणला. कार्ल फ्रॉइंड. ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘ड्रॅक्युला’ या चित्रपटांचा छायालेखक, ऑस्करविजेता. समोर हसणारे खरेखुरे प्रेक्षक, एकाच वेळी चालणारे तीन कॅमेरे, आणि दर शॉटला दिवे हलवायची सोय नाही. फ्रॉइंडने दिवे वरून असे टांगले की तिन्ही कॅमेऱ्यांना पुरेसा सारखा उजेड मिळावा. चित्र कृष्णधवलच असणार म्हणून सेट आणि सामान करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतलं. हा सगळा खटाटोप वीतभर पडद्यासाठी चालला होता. १५ ऑक्टोबर १९५१ ला पहिला भाग दिसला, आणि त्या रात्री फ्रॉइंडची कारागिरी किती जणांना जाणवली असेल? २०१४ मध्ये पहिला हंगाम ब्लू-रेवर आला आणि पुढच्या वर्षी दुसरा, तेव्हा कुठे ती घरात बसून नीट पाहता आली.

‘विनोद ऐकायचा असतो, त्याला एचडी कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी चॉकलेटच्या कारखान्यातला भाग दाखवतो. १९५२ चा, दुसऱ्या हंगामातला पहिला. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येत राहतात, वेग वाढत जातो, आणि ल्युसी व एथेल ती गुंडाळता गुंडाळता तोंडात, टोपीत, झग्यात कोंबू लागतात. सगळा विनोद डोळ्यांत आणि गालांत आहे. धूसर प्रतीत फक्त धांदल दिसते. स्वच्छ प्रतीत, फजिती कळूनही बेफिकिरीचा आव आणणारी बाई दिसते. हे दोन वेगळे अनुभव आहेत.

फिल्म हाताशी असण्याचा आणखी एक फायदा लवकरच कळला. १९५३ च्या जानेवारीत ल्युसिल बाळंत झाली. त्या सुमारास नवे भाग कमी पडू लागले, म्हणून आधी झालेले भाग पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले. पुनर्प्रक्षेपण हा धंदा होऊ शकतो, हे त्यातून उमगलं. पुढे अनेक निर्माते विनोदी मालिका फिल्मवरच करू लागले ते यामुळे. ‘द डिक व्हॅन डाइक शो’ (१९६१-६६) त्याच पठडीतला. तोही पुढे ब्लू-रेवर नेटका आला.

दरम्यान १९५६ मध्ये अॅम्पेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या टेपवर चित्र नोंदवणारं यंत्र आणलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने ते बातम्यांसाठी पहिल्यांदा वापरलं. टेप धुवावी लागत नाही, लगेच पाहता येते, आणि पुसून पुन्हा वापरता येते. शेवटच्या सोयीने पुढे किती नुकसान केलं ते ओघाने येईलच.

विनोदी मालिकांमध्ये टेपला मानाचं पान वाढलं ते नॉर्मन लिअरने. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या ब्रिटिश मालिकेवरून त्याने ‘ऑल इन द फॅमिली’ बेतली आणि १२ जानेवारी १९७१ ला ती सुरू झाली. क्वीन्समधला कामगार आर्ची, त्याची बायको, मुलगी, जावई, आणि वंश, युद्ध, धर्म या विषयांवरची रोजची खडाजंगी. टेपवर सेकंदाला ६० अर्धचित्रं (एकाआड एक आडव्या रेघांची) नोंदली जातात, फिल्मवर २४ चित्रं. त्यामुळे टेपवरची हालचाल बातम्यांसारखी, आत्ता शेजारच्या खोलीत घडतेय अशी वाटते. आर्चीच्या भांडणांना हे रूप फिट्ट बसलं. प्रेक्षकांसमोर टेपवर नोंदवल्याचं भागाच्या शेवटी मुद्दाम सांगितलं जाई. ती उणीव नव्हती, मिरवायची गोष्ट होती. मागोमाग टेपवरच्या मालिकांची रांग लागली. ‘द गोल्डन गर्ल्स’ थेट १९९२ पर्यंत टेपवरच चालली.

आता हिशेब बघा. अमेरिकन टेपवरच्या चित्रात दिसणाऱ्या रेघा सुमारे ४८०, युरोपात आणि आपल्याकडे ५७६. ब्लू-रेला लागतात १,०८०. अधल्यामधल्या रेघा टेपवर नाहीतच. त्या कुठल्या कपाटात सापडणार नाहीत, कुठल्या प्रयोगशाळेत धुऊन निघणार नाहीत. म्हणजे १९५१ ची ल्युसी लख्ख आणि तिच्यानंतर वीस वर्षांनी आलेला आर्ची धूसर, असा हा उफराटा न्याय आहे.

इंग्लंडमध्ये तर एकाच भागात दोन्ही. बीबीसीची पद्धत अशी की घरातली दृश्यं स्टुडिओत टेपवर, बाहेरची १६ मिमी फिल्मवर. ‘फॉल्टी टॉवर्स’चे (१९७५ आणि १९७९) जेमतेम बारा भाग, हॉटेलचा मालक दाराबाहेर पडला की चित्राची जातच बदलते. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या मंडळींनी यावरच प्रहसन केलं होतं. पात्रं दाराबाहेर डोकावतात, आपण फिल्मवर आहोत हे पाहून दचकतात, आणि बाहेर जायला सगळीकडून वाट बंद झाल्यासारखी परत आत येतात. अशा मालिकांची एचडी आवृत्ती काढली तर फिल्मचे तुकडे झळाळतात आणि त्यांच्या शेजारी स्टुडिओतली दृश्यं आणखीच मलूल वाटतात.

आणि ज्या उरल्याच नाहीत त्यांचं काय? टेप महाग, कलाकार संघटनेच्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा, साठवायला जागा नाही. म्हणून बीबीसीने सत्तरच्या दशकापर्यंत टेपा बिनदिक्कत पुसल्या. ‘डॅड्स आर्मी’च्या ऐंशी भागांपैकी तीन अजून बेपत्ता आहेत. आणखी दोन गेलेच होते, पण ते २००१ मध्ये परत मिळाले. कुणीतरी ती रिळं पूर्वी स्टुडिओजवळच्या कचऱ्याच्या डब्यातून उचलून घरी नेली होती. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले होते. त्यातलं आज पाहायला मिळतं ते थोडकं आणि कृष्णधवल. तिथे एचडीचा प्रश्न विचारणं म्हणजे पोटाला नाही अन् विड्याला सुपारी मागणं.

ऐंशीच्या दशकात गुंता आणखी वाढला. पुष्कळ मालिका चित्रित होत फिल्मवर, पण लगेच टेपवर उतरवून संकलन टेपवरच केलं जाई; स्वस्त आणि झटपट. परिणाम असा की सगळं चित्रण ३५ मिमीवर सुरक्षित असूनही भागाची सलग, कापून जोडलेली निगेटिव्ह अस्तित्वातच नाही. एचडी प्रत करायची तर कोठारातून रिळं काढा, स्कॅन करा, आणि जुन्या टेपशी ताडून एकेक तुकडा नव्याने जोडा. शेकडो भागांच्या मालिकेचं असं काम म्हणजे ती दुसऱ्यांदा बनवणंच. आधी पैसे कोण घालणार, यावर मग घोडं अडतं.

दोन हजार सालानंतर हंगामवार डीव्हीडी संचांचा सुकाळ झाला. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत चॉकलेटांच्या जोडीला ‘फ्रेंड्स’चा संच असायचा, तोच हा काळ. २००६ मध्ये ब्लू-रे आली, २००८ मध्ये तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी बंद पडली. पण बाजार तिच्या एकटीच्या हाती येतो न येतो तोच लोक चकत्या सोडून इंटरनेटवर पाहू लागले. त्यामुळे बऱ्याच मालिकांची एचडी स्कॅन तयार असूनही ती चकतीवर यायला वर्षं लागली. ‘चीअर्स’ १९९३ मध्ये संपली, तिचा ब्लू-रे संच २०२३ मध्ये आला.

टेपवाल्यांवर मात्र एक नवंच संकट आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘मोठं’ करण्याची टूम. यंत्राला ४८० रेघा देऊन उरलेल्या कल्पनेने भरायला सांगायचं. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ डिफरंट वर्ल्ड’ (१९८७-९३) अशा रूपात दिसली तेव्हा मागच्या माणसांचे चेहरे मेणासारखे वितळलेले आणि भिंतीवरच्या पोस्टरवर कुठल्याही भाषेत नसलेली अक्षरं होती. टेपवरच्या मालिकांना एचडी नको, असं मी म्हणतो ते यामुळे. त्यांना हवी आहे ती मूळ टेपेची, साठही अर्धचित्रं शाबूत ठेवणारी, न रगडलेली प्रत. ती ब्लू-रेच्या चकतीवर घातली तरी चालेल. जागा भरपूर असल्यामुळे चित्र दाबून बसवावं लागत नाही. फक्त वेष्टनावर एचडी छापू नये.

फिल्मवाल्यांचा प्रश्न चौकटीचा. रुंदी-उंचीचं प्रमाण जुन्या टीव्हीचं ४:३, आजच्या पडद्याचं १६:९. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की काही प्रेक्षक पैसे बुडाल्यासारखी तक्रार करतात, म्हणून कंपन्या चित्र ताणतात, नाहीतर कापतात. ‘फ्रेंड्स’च्या २०१२ च्या ब्लू-रेसाठी फिल्मवर बाजूला नोंदलेला, कधी न दाखवलेला भाग उघडला गेला. सोफा मोठा दिसला खरा, पण कडेला मुख्य कलाकाराच्या जागी उभी केलेली भलतीच व्यक्तीही दिसली. शिवाय डीव्हीडीवरचे वाढीव प्रसंग त्या संचात नव्हते, त्यामुळे चाहत्यांना दोन्ही संच कपाटात ठेवणं आलं. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ‘द सिम्पसन्स’ वरखाली कापून आली. त्यात तीन निरनिराळ्या नावांच्या बिअर वरच्या एकाच नळातून येतात हा विनोद होता. तो नळच कापला गेला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी मूळ चौकटीचा पर्याय दिला.

कळस केला तो ‘साइनफेल्ड’ने. ३५ मिमीवर चित्रित १८० भाग, एचडी स्कॅन कधीचं तयार. २०२१ च्या ऑक्टोबरात ती नेटफ्लिक्सवर १६:९ मध्ये आली. आठव्या हंगामात एक भाग आहे, रस्त्यातल्या खड्ड्याचा. जॉर्जची किल्ली खड्ड्यात पडते आणि वरून डांबर घातलं जातं. कापलेल्या चौकटीत जॉर्ज आणि जेरी रस्त्यात मान खाली घालून गंभीरपणे उभे, आणि खड्डा चौकटीच्या खाली, गायब. (खड्डे नाहीसे करण्याची ही युक्ती आपल्या महापालिकांच्या कानावर न गेलेली बरी.) २०२४ च्या डिसेंबरात मालिकेच्या ४के (एचडीहूनही बारीक चित्राच्या) चकत्या निघाल्या, त्या मूळ ४:३ चौकटीत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आहेत, आणि जॉर्जच्या पायाशी त्याचा खड्डा.