शिडाचं पोट वारा देत नाही, ते शिवलेलं असतं

बेलापूरला दिवाळे गावाच्या जेट्टीवर परवा परत तेच ऐकलं, वर्षानुवर्षं ऐकतोय, की यॉटच्या, म्हणजे शिडाच्या नौकेच्या, सेल प्लॅनमधला त्रिकोण मापाने कापला की शीड तयार, फुगवटा काय तो वारा देतो. नाही हो, अजिबात नाही! सेल प्लॅन म्हणजे नुसतं बाजूने दिसणारं ड्रॉइंग, त्यात कडांची लांबी, क्षेत्रफळ, वाऱ्याचा जोर कुठे येणार तो बिंदू एवढं कळतं, पोट किती खोल ते नाही. ते शिलाईतून येतं. शिडाच्या कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित गोलसर कापून जोडतात, ब्लाउजला टक्स घालून सपाट कापडाला आकार देतात ना, अगदी तसंच. शिवाय डोलकाठीकडची कड जराशी बाहेर गोल ठेवतात, सरळ काठीला लावली की ते जास्तीचं कापड आत सरकतं आणि पोट धरतं.

आणि वाऱ्याने ताणलं जाणारं कापड तर नुकसानच करतं. १८५१ साली 'अमेरिका' यॉटने इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवतीची रेस मारली तेव्हा तिची शिडं घट्ट विणीच्या सुती कापडाची होती, आकार धरून राहायची, इंग्रजांची जवसाच्या धाग्याची मात्र ढगळ पडायची. १९५०च्या दशकात पॉलिएस्टर आलं तेही कमी ताणतं म्हणूनच टिकलं.