रेटिंग वेगळं, योग्यता वेगळी: अ‍ॅक्शन-कॉमेडीचा सिक्वेल मुलांना दाखवण्याआधी

‘पहिला भाग दाखवला होता, मग दुसऱ्याला काय हरकत आहे?’ किंवा ‘१३+ आहे, मुलगी चौदाची आहे, झालं.’ बहुतेक घरांतला निर्णय या दोन वाक्यांवर आटोपतो, आणि दोन्हींत रेटिंगलाच योग्यता समजलेलं असतं.

रेटिंगचं थोडक्यात, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. भारतात २०२४पासून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे टप्पे आहेत. तिन्ही पालकांसाठी सल्ला आहेत. अठराखालच्यांना मज्जाव असतो तो ‘ए’ला. अमेरिकेतलं पीजी-१३ हाही सल्लाच, आर असेल तर सतराखालच्यांसोबत मोठं माणूस लागतं. आधीच्या भागाचं रेटिंग पुढच्याला आपोआप मिळत नाही. ‘डाय हार्ड’च्या पहिल्या तिन्ही भागांना अमेरिकेत आर होतं, २००७चा चौथा भाग पीजी-१३ घेऊन थिएटरात आला आणि डीव्हीडीवर त्याचीच अनरेटेड आवृत्तीही निघाली. त्यामुळे घरी बघताना आधी आवृत्ती तपासा.

आता खरी मेख. रेटिंगचे बरेचसे निकष मोजता येतील असे असतात. अमेरिकेत एक ठरावीक शिवी एकदा आली तर किमान पीजी-१३, जास्त वेळा आली तर सहसा आर. हिंसा पीजी-१३मध्ये चालते, फक्त ती वास्तवदर्शी आणि त्याच वेळी टोकाची किंवा सततची नसावी. म्हणून रक्त पुसलं जातं; मरणाऱ्यांचा आकडा मात्र तेवढाच राहू शकतो.

योग्यतेसाठी वेगळं बघावं लागतं: हसू कशावर येतंय? एका दृश्यात नायक टेबलावरून झेपावतो, टेबल मोडतं, तो गुडघा चोळत उठतो. हसू येतं ते त्याच्या फजितीवर. दुसऱ्या दृश्यात पहारेकरी चौथ्या मजल्यावरून खाली जातो, फक्त धप्प ऐकू येतं आणि नायकाचा जोडीदार म्हणतो, ‘लिफ्ट होती की!’ रक्ताचा थेंब नाही, शिवी नाही, पण आपण हसलो ते माणूस मेला म्हणून. दोन्ही दृश्यं एकाच रेटिंगमध्ये बसू शकतात.

सिक्वेल दुसऱ्या प्रकाराकडे सहज घसरतो. पहिल्या भागात नायक नवखा असतो, निम्मे विनोद त्याच्याच अंगाशी येतात. दुसऱ्या भागापर्यंत तो तरबेज झालेला असतो, मग विनोद करायचा कुणावर? समोरच्यावर. शिवाय सगळं आणखी मोठं करायचं असतं, म्हणून नाव-चेहरा असलेल्या खलनायकाभोवती मुखवटेवाल्यांची फौज उभी राहते. मुखवटा असला की मरण हलकं वाटतं.

तपासायला अख्खा चित्रपट लागत नाही. सुरुवातीची पहिली मारामारी, मधला पाठलाग आणि शेवटची लढाई, एवढं पुरे. यातलं एक दृश्य आवाज बंद करून बघा. कॉमेडीचा मोठा भाग संगीत आणि संवादच पेलत असतात. मार खाणाऱ्याचा चेहरा दिसतो का? नायकाची जखम पुढच्या दृश्यात शिल्लक आहे का? कॅमेरा पडलेल्या माणसापाशी रेंगाळतोय की लगेच हसणाऱ्याकडे वळतोय? ट्रेलरवर विसंबू नका, त्यात चुटका राहतो आणि परिणाम कापलेला असतो. ब्रिटनमध्ये चित्रपटांना रेटिंग देणारं बीबीएफसी आपल्या संकेतस्थळावर चित्रपटात हिंसा, भाषा वगैरे नेमकं काय आहे ते लिहितं, तेही वाचावं.

शिव्यांच्या याद्यांना लोक फार भाव देतात. चार शिव्या असलेला पण मार लागल्यावर दुखतं हे दाखवणारा सिनेमा मी चौदा वर्षांच्या मुलासमोर बिनदिक्कत लावेन. प्रेतांवर कोट्या करणारा सोज्वळ सिनेमा लावणार नाही. चावट विनोदांचंही तसंच: ज्याच्यावर विनोद होतोय ते पात्रही हसतंय की फक्त त्याच्यावर हसलं जातंय, एवढंच बघायचं.

तिन्ही दृश्यं दुसऱ्या प्रकारची निघाली तर तेरा-चौदाच्या मुलांसाठी थांबा. सोळाच्या पुढे सोबत बसून बघा आणि खटकलेलं तिथल्या तिथे बोला. ओटीटीवर यूए १३+पासून पुढे पॅरेंटल लॉकची सोय असते, ती जरूर वापरा. पण लॉक रेटिंग बघूनच लागतो, म्हणून ती तीन दृश्यं तुम्हालाच बघावी लागतील.