आयएसओ ठेवलेला पेन ड्राइव्ह आणि बूटेबल पेन ड्राइव्ह

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात संगणकावर नवी विंडोज किंवा, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नसलेल्या जुन्या यंत्रावर, लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देण्याची कामे माझ्याकडे बरीच येऊ लागली. अडलेल्या कामांच्या मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो, तो म्हणजे आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डिस्कची एका फाईलमध्ये साठवलेली प्रतिमा, पेन ड्राइव्हवर कॉपी केली की तो बूटेबल, म्हणजे त्यावरून संगणक सुरू करता येईल असा, झाला. तो तसा होत नाही.

कॉपी करणे सर्वांना येते. लग्नपत्रिकेची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घालून आपण छापखान्यात नेतो, तेच हे. मात्र ती पीडीएफ तिथे उघडते, कारण छापखान्यातला संगणक आधीपासून चालू असतो आणि फाईल उघडणारे सॉफ्टवेअर त्यात असते. ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना हे दोन्ही नसते, आणि सगळी अडचण इथेच आहे. संगणक चालू होताच त्यातले मूळचे सॉफ्टवेअर आधी चालते; जुन्या यंत्रांत ते बायोस, नव्यांत यूईएफआय. जुन्या बायोसचा संगणक सुरू होताना पेन ड्राइव्हचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर (साठवणीचा तुकडा) वाचतो आणि त्यात बूट करण्याचा कोड असेल तरच पुढे जातो. नवा यूईएफआय संगणक फॅट या फाईली मांडण्याच्या पद्धतीच्या पार्टिशनवर (ड्राइव्हच्या भागावर) ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ठरावीक नावाची फाईल शोधतो. हे सर्व आयएसओच्या पोटात असते हे खरे. पण आयएसओ उघडून आत पाहणे या दोघांचेही काम नाही. त्यांच्या दृष्टीने ती इतर कोणत्याही फाईलसारखी एक फाईल असते.

शहापूरच्या एका छापखान्यात ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय घेतलेला नवा संगणक होता. मालकांच्या मुलाने विंडोज ११ ची आयएसओ उतरवून पेन ड्राइव्हवर टाकायला घेतली, तेव्हा फाईल फार मोठी असल्याचा संदेश आला. पेन ड्राइव्हवरच्या फॅट३२ या फॅटच्या प्रकारात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही आणि ही ५ जीबीच्या वर होती. त्याने पेन ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केला, फाईल बसली, आणि काम झाले असे त्याला वाटले. संगणक सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे काही सापडले नाही, एवढीच ओळ आली. “फाईल तर आहे की वो आतमध्ये,” तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. फाईल होतीच. पण ती बसवण्याच्या नादात यूईएफआयला हमखास वाचता येणारी फॅट पद्धतही गेली होती. तो पहिला संदेश रस्ता चुकल्याची खूण होती, आणि ती खूण ओळखायला कोणी शिकवत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

बूटेबल करणे म्हणजे आयएसओतला मजकूर यंत्राला सापडेल अशा जागी मांडणे. लिनक्समध्ये ही मांडणी आयएसओतच तयार असते. आयएसओ ९६६० या मानकाने सुरुवातीची ३२ केबी जागा मोकळी सोडली आहे. लिनक्सवाले त्या जागेत बूट कोड आणि पार्टिशन तक्ता (ड्राइव्हच्या भागांची यादी) भरतात, म्हणून एचरसारख्या सॉफ्टवेअरने ती प्रतिमा पहिल्या सेक्टरपासून जशीच्या तशी लिहिली तरी चालते. विंडोजच्या आयएसओत अशी सोय नसते. तिथे रुफस हे बूटेबल पेन ड्राइव्ह बनवणारे सॉफ्टवेअर पार्टिशन पाडते, फाईली बाहेर काढून मांडते आणि ४ जीबीच्या अडचणीचीही व्यवस्था लावते. म्हणूनच मिंटसाठी यशस्वी झालेली रीत विंडोजला तशीच लावली की फसते आणि दोष बिचाऱ्या पेन ड्राइव्हच्या माथी येतो. चांगले पेन ड्राइव्ह या कारणाने टाकून दिलेले मी पाहिले आहेत. लिनक्स लिहिलेला पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये लावल्यावर फॉरमॅट करण्याची सूचना येऊ शकते. तीही बिघाडाची खूण नाही, ती नाकारावी.

या गोंधळात व्हेंटॉय नावाच्या सॉफ्टवेअरने भर घातली आहे. व्हेंटॉयच्या पेन ड्राइव्हवर आयएसओ खरोखरच नुसती कॉपी करायची असते आणि ती बूट होते, त्यामुळे मित्राकडे ते पाहिलेला माणूस साध्या पेन ड्राइव्हवर तेच करू पाहतो. मित्राकडे मात्र आधी व्हेंटॉय स्वतः पेन ड्राइव्हवर बसवलेले असते. बूट ते होते, आणि मग आयएसओ उघडण्याचे कामही तेच करते.

पार्टिशन तक्ता एमबीआर या जुन्या प्रकारचा घ्यावा की जीपीटी या नव्या, या प्रश्नावर लोक उगाच वेळ घालवतात. गेल्या दहा वर्षांतला संगणक असेल तर जीपीटी निवडून पुढे जावे. विंडोजसाठी मी रुफसच सुचवतो. टर्मिनलमधली, प्रतिमा थेट डिस्कवर लिहिणारी ‘डीडी’ आज्ञा नवख्याला सुचवणे मात्र मला अजिबात पसंत नाही, कारण डिस्कच्या नावातले एक अक्षर चुकले तर पेन ड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क पुसली जाते आणि ती आज्ञा विचारतही नाही.

इन्स्टॉल करण्यापूर्वी विंडोजचा पेन ड्राइव्ह एकदा उघडून पाहावा. आत ‘बूट’, ‘ईएफआय’, ‘सोर्सेस’ ही फोल्डरे आणि ‘सेटअप’ फाईल दिसली, तर तो नीट तयार झाला आहे. व्हेंटॉय बसवलेले नसताना आत एकच आयएसओ फाईल दिसली, तर संगणकाला लावण्याआधी रुफस उघडावे.